गर्डर हैदराबादचा, पूल कल्याणचा

विठ्ठलवाडी स्टेशनात लोकलची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या चहूबाजूंना लोखंड असते. डोक्यावर छपराचा सांगाडा, पलीकडे पादचारी पूल, रुळांच्या कडेने विजेच्या तारा पेलणारे खांब आणि खाली अर्थातच रूळ. रोजच्या धकाधकीत या लोखंडाकडे कुणाचे लक्ष जात नाही. लक्ष जाते ते एखादा पूल बंद झाला, की किंवा रविवारचा मेगाब्लॉक जाहीर झाला, की. मग आपण रेल्वेच्या नावाने बोटे मोडतो. त्या ब्लॉकच्या चार-सहा तासांत रुळांच्या वर, कमरेला पट्टा बांधून आणि हातात पाना घेऊन कोण माणसे लोंबकळत असतात, ती कुठून येतात आणि काम संपल्यावर कुठे जातात, हा प्रश्न सहसा पडत नाही.

तो आता पडायला हवा. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका, कल्याण यार्डाची फेररचना, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो, कल्याण-तळोजा मेट्रो आणि ठाणे जिल्ह्यातून जाणारी बुलेट ट्रेन, अशी कामे या पट्ट्यात एकाच वेळी निघाली आहेत. त्यातले बरेचसे काँक्रीटचे असले, तरी लोखंडाचे काही कमी नाही. आणि याच वेळी घराघरांत चर्चा चालू आहे ती यंत्रे माणसांच्या नोकऱ्या कशा खाणार, याची. ही चर्चा बहुतेक वेळा संगणकावर बसणाऱ्या मुलामुलींपुरती असते. लोखंडकाम करणारा वेल्डर, फिटर, गॅस कटर तिच्यात नसतो. त्याचे काम हाताचे, धोक्याचे आणि उंचीवरचे. तिथे यंत्र कसे चढणार, अशी आपली समजूत. ती अर्धी खरी आहे. यंत्र पुलावर चढलेले नाही. पण पुलावरचे निम्मे काम ते केव्हाच खाली उतरवून दूर घेऊन गेले आहे.

कल्याणच्या पत्री पुलाचीच गोष्ट घ्या. विठ्ठलवाडी, कोळसेवाडी, काटेमानिवली या पूर्वेकडच्या भागातल्या माणसाला तिची आठवण करून देण्याची गरज नाही. १९१४ सालचा हा लोखंडी पूल २०१८ साली धोकादायक ठरला आणि त्या वर्षी १८ नोव्हेंबरला सहा तासांचा मेगाब्लॉक घेऊन, क्रेन लावून तो उचलून टाकण्यात आला. पुढची दोन वर्षे शेजारच्या पुलावर जी कोंडी झाली, तिच्यात किती जणांच्या गाड्या चुकल्या आणि किती रुग्णवाहिका अडकल्या, याचा हिशेब कुणी ठेवला नसेल. राज्य रस्ते विकास महामंडळाने नव्या पुलाचा गर्डर बनवायला दिला तो हैदराबादला. सुमारे ७६ मीटर लांब आणि सुमारे ७०० टन वजनाचा हा सांगाडा सुट्या भागांत तिथे तयार झाला. मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली आणि कल्याणचा पूल हैदराबादच्या कारखान्यापाशी अडकून पडला. अखेर भाग आले, रुळांच्या बाजूला जोडले गेले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये शनिवार-रविवारचे ब्लॉक घेऊन गर्डर रुळांवरून पलीकडे सरकवण्यात आला. २५ जानेवारी २०२१ रोजी पूल खुला झाला.

या हकिकतीत विलंबाची बातमी सगळ्यांनी वाचली. दुसरी एक बातमी मात्र तिच्या पोटात राहून गेली. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवली हा फॅब्रिकेशनच्या छोट्या-मोठ्या शेडनी भरलेला पट्टा. इथे ग्रिल आणि शटर बनतात, तसेच एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी टाक्या आणि सांगाडेही बनतात. आणि दारातल्या पुलाचा गर्डर सातशे किलोमीटरवरून येतो. अंधेरीच्या गोखले पुलाचे गर्डर तर हरियाणातल्या अंबाल्यात बनले. जुलै २०२३ मध्ये अंबाल्याला पूर आला आणि अंधेरीकरांचा पूल लांबला! मुंबईच्या सागरी किनारा रस्त्याला वांद्रे-वरळी सेतूशी जोडणाऱ्या कमानींचे भागही अंबाल्याचेच. ते न्हाव्याला जोडून तराफ्यावरून आणले आणि २६ एप्रिल २०२४ रोजी दोन हजार टनांची पहिली कमान बसवली. बुलेट ट्रेनच्या मार्गावर २८ पोलादी पूल आहेत, त्यातले ११ महाराष्ट्रात. गुजरातेत बसवलेल्या पुलांचे भाग भूजला आणि उत्तर प्रदेशातल्या हापूडला तयार झाले आहेत.

हे असे का होते, ते समजून घ्यायचे तर आधी जुने काम कसे चाले, ते पाहिले पाहिजे.

पत्री पुलाच्या काळातले पूल रिव्हेटचे. कारखान्यातल्या बोलीत रिबीट. रिबीट मारणे हे चौघांचे काम. एक जण भट्टीवर रिबीट लाल करी, चिमट्याने ती दुसऱ्याकडे टाकी. दुसरा ती भोकात बसवी. तिसरा मागून जड लोखंडी ठोकळा लावून तिचे डोके दाबून धरी आणि चौथा पुढून हातोडा चालवून दुसरे डोके घडवी. थंड होताना रिबीट आकसते आणि दोन पत्रे एकमेकांना घट्ट आवळते. साधे, पण अचूक तंत्र. १९४३ साली वाहतुकीस खुला झालेला हावडा पूल सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलादाचा आणि असाच रिबिटांनी जोडलेला आहे. पुढे वेल्डिंग आले, जास्त ताकदीचे बोल्ट आले आणि रिबिटाच्या टोळ्या हळूहळू मोडल्या. तो बदलही यांत्रिकीकरणाचाच होता. पण तो काही दशकांत पसरत गेला आणि मुख्य म्हणजे त्याच शेडमध्ये झाला. भट्टी विझली, तिथेच वेल्डिंगचे मशीन आले. ज्याचा बाप रिबीट धरत होता, त्याच्या मुलाला होल्डर धरायला त्याच कारखान्यात शिकता आले.

मुंबईत अशा कारखान्यांची परंपरा जुनी. भायखळ्याची रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी १८५८ सालची. रेल्वेची स्वतःची मनमाडची कार्यशाळा ब्रिटिश आमदानीपासून पुलांचे गर्डर बनवत आली आहे. अशा ठिकाणी कारखान्याचा कणा असे तो मार्किंग करणारा मिस्त्री. कागदावरचे रेखाचित्र वाचून तो जमिनीवर पूर्ण मापाचा साचा आखायचा, पत्र्यावर खुणा करायचा, पंचाने टिंबे मारायचा. त्या टिंबांवर ड्रिल चाले. त्याची एक खूण चुकली, तर पुलावर गेल्यावर भोक भोकाशी जुळायचे नाही. हा माणूस कुठल्या महाविद्यालयात गेलेला नसे. तो झाडलोट करणारा मदतनीस म्हणून आलेला असे, मग गॅस कटर, मग फिटर, मग मिस्त्री अशी शिडी चढलेला असे.

आज हे मार्किंग माणूस करत नाही. टेकलासारख्या संगणक प्रणालीत सबंध पूल त्रिमितीत उभा केला जातो. प्रत्येक पत्रा, प्रत्येक भोक, प्रत्येक बोल्ट. ही प्रणाली मूळची फिनलंडची. (गंमत अशी, की अमेरिकेतल्या इमारतींच्या लोखंडाची अशी रेखाचित्रे आज भारतीय शहरांतल्या वातानुकूलित कार्यालयांत बसून तयार होतात. म्हणजे मिस्त्रीचे काम नाहीसे झाले नाही. ते शेडमधून उठून खुर्चीवर जाऊन बसले, आणि खुर्चीसाठी पदविका लागते.) त्या संगणकातली फाइल थेट यंत्राकडे जाते. यंत्र तुळई स्वतः मापते, कापते, भोके पाडते आणि तिच्यावर क्रमांक कोरते. लांब सरळ जोड रुळावरून सरकणारे स्वयंचलित वेल्डिंग यंत्र घालते. वेल्डर तिथे जोड घालत नाही, यंत्रावर नजर ठेवतो. मोठ्या कारखान्यांत आता यांत्रिक हातही आले आहेत.

या बदलाचे सगळ्यात मोठे प्रदर्शन पाहायला परदेशी जायला नको. कल्याणहून भिवंडीकडे निघाले, की दोन्ही बाजूंना मैलोगणती जी गोदामे दिसतात, ती पाहावीत. ही तयार सांगाड्यांची गोदामे. खांब खाली निमुळते, वर रुंद; कारण जिथे जेवढा भार, तिथे तेवढेच पोलाद ठेवण्याचा हिशेब संगणकाने केलेला असतो. पुण्याजवळच्या किंवा हैदराबादजवळच्या कारखान्यात पत्रे कापून, यंत्रावर जोडून, रंगवून, क्रमांक घालून भाग ट्रेलरवर चढतात. जागेवर क्रेन येते, एक टोळी येते, बोल्ट आवळते, पत्रे ठोकते आणि काही आठवड्यांत पुढच्या गोदामाकडे जाते. पूर्वी याच आकाराची शेड जागेवर बांधायची, तर गावातले दोन-तीन फॅब्रिकेटर आणि त्यांची माणसे कित्येक महिने कामाला लागत. तयार भाग आणून जोडण्याची कल्पना तशी नवी नाही. प्रभादेवीच्या २०१७ च्या चेंगराचेंगरीनंतर लष्कराने जे तीन पादचारी पूल झटपट बांधून दिले, त्यातला एक आपल्या आंबिवलीचा. त्यामागेही दुसऱ्या महायुद्धातल्या बेली पुलाचीच कल्पना आहे. फरक एवढाच, की जे युद्धात आणि आपत्तीत होत असे, ते आता नित्याचे झाले.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. जपान-अमेरिकेत लोखंडकामात यंत्रमानव येतो तो माणूस महाग म्हणून, किंवा मिळतच नाही म्हणून. आपल्याकडे माणूस स्वस्त आहे, मग यंत्र का परवडते? निदान रेल्वेच्या पट्ट्यात याचे उत्तर मजुरीत नाही, वेळापत्रकात आहे. मध्य रेल्वे दिवसाला अठराशेच्या आसपास लोकल चालवते. रुळांवर काम करायला मिळतात ते रात्रीचे किंवा रविवारचे चार तास. त्या चार तासांत जागेवर जोड घालणे, न जुळलेले भोक मोठे करणे, पुन्हा मापणे कुणालाच परवडत नाही. जे काही अवघड आहे, ते आधीच दुसरीकडे उरकून यायला हवे. शिवाय रेल्वेच्या पुलाचा गर्डर कुणीही बनवू शकत नाही. लखनौच्या आरडीएसओ या संस्थेच्या नियमांत बसणारी कार्यशाळा, परीक्षा दिलेले वेल्डर, प्रत्येक जोडाची तपासणी आणि तिची कागदपत्रे लागतात. हे योग्यच आहे. पुलावरून आपलीच मुले जाणार आहेत. पण तेवढी यंत्रे आणि तेवढा कागद विठ्ठलवाडीच्या चार माणसांच्या शेडला झेपत नाही. म्हणून काम मोठ्याकडे जाते आणि मोठा दूर असतो.

मग जागेवर उरते काय? उरते ते उभारणीचे काम. अवघे काही तासांचे, पण सगळ्यात जोखमीचे. गर्डर कारखान्यात कितीही अचूक बनला, तरी उन्हाला त्याची पर्वा नसते. ७६ मीटरचा पोलादी सांगाडा वीस अंशांनी तापला, तर सुमारे अठरा मिलिमीटरने वाढतो; आणि बोल्टच्या भोकाला मोकळीक असते दोन-तीन मिलिमीटरची. अशा वेळी टोकदार खुंटी भोकात घालून, घणाचे दोन नेमके घाव मारून भोके रेषेत आणणारा माणूसच लागतो. वारा किती झाला म्हणजे क्रेन थांबवायची, कुठला साखळदंड कुरकुरतोय, हे त्याला कळते. संगणकाने हेही कधीतरी शिकावे, पण अजून शिकलेला नाही.

जपानने प्रयत्न करून पाहिला आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी शिमिझू कंपनीने नागोया शहरात एका बँकेची वीस मजली इमारत जवळजवळ स्वयंचलित पद्धतीने उभारली. वरचे छप्पर जॅकवर उचलत न्यायचे, त्याखाली यंत्रांनी तुळया जागेवर न्यायच्या आणि यंत्रांनीच जोड घालायचे. प्रयोग यशस्वी झाला, पण खर्च पाहता पद्धत सर्रास झाली नाही. पुढे खांबांचे जोड घालणारे यंत्रमानव त्याच कंपनीने पुन्हा आणले, ते मात्र माणसाच्या बरोबरीने. अमेरिकेत पुलाच्या स्लॅबच्या सळया बांधणारे यंत्र निघाले आहे. आपल्या डोंबिवली-कल्याणच्या टॉवरांत सळया अजून हातानेच बांधल्या जातात. पण कापून-वाकवून येणाऱ्या सळया मोठ्या बिल्डरांकडे दिसू लागल्या आहेत, म्हणजे मार्ग तोच आहे.

उभारणीची ही जोखीम कोण उचलते, ते आपल्याच जिल्ह्याने पाहिले आहे. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास शहापूर तालुक्यात सरलांबेजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर उचलून बसवणारे अजस्र यंत्र कोसळले आणि वीस जण ठार झाले. तो पूल काँक्रीटचा होता, पण काम तेच, उंचीवरच्या उभारणीचे. यंत्र अत्याधुनिक होते. त्याच्या खाली, वर आणि आजूबाजूला माणसेच होती, बहुतेक परराज्यांतून आलेली, ठेकेदाराच्या हाताखालच्या ठेकेदाराची. यंत्राने माणसांची संख्या कमी केली असेल; जी उरली, त्यांच्या डोक्यावरचा भार मात्र शेकडो टनांचा झाला. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर आला, कल्याणकारी मंडळ आले. पण त्याचा लाभ मिळायचा, तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज कल्याण, महिन्याने सुरत, मग विजयवाडा अशा फिरत्या टोळीतल्या माणसाने तो दाखला कुणाकडून आणायचा? त्या कायद्यातल्या सुरक्षिततेच्या आणि कल्याणाच्या तरतुदी आता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांत गेल्या आहेत. नाव बदलले तरी दाखल्याची अडचण तीच राहील, असे वाटते.

नोकऱ्यांच्या आकड्यांपेक्षा मला काळजी वाटते ती त्या शिडीची. मदतनीस, कटर, फिटर, मिस्त्री ही शिडी एका शेडमध्ये उभी होती. आता तिचे वरचे टोक संगणकाच्या कार्यालयात आहे, मधल्या पायऱ्या हैदराबादच्या नाहीतर अंबाल्याच्या कारखान्यात, आणि खालची पायरी तेवढी आपल्या पुलावर. अंबरनाथ-उल्हासनगरकडच्या मुलाने आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा किंवा फिटरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, की त्याच्या हाताशी काय येते? ग्रिलच्या दुकानातले रोजंदारीचे काम, नाहीतर एमआयडीसीतले ठेक्याचे. पाच-सहा वर्षे मोठ्या कामावर जुन्या माणसाच्या हाताखाली राहून जो हात बसतो, तो बसवायची जागाच त्याच्या गावातून गेली. आई-वडील मग म्हणतात, त्यापेक्षा डिलिव्हरीची मोटरसायकल बरी. त्यांचे चुकते असे कोण म्हणेल?

हे सारे वाचून कुणाला वाटेल, की जाऊ द्या, काळाबरोबर कामे जातातच. पण लोखंडाचे एक काम काळाबरोबर वाढत जाते. ते म्हणजे जुन्या लोखंडाचे. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळून सात जण गेले. त्या पुलाच्या तपासणीचा अहवाल कागदावर ठीकठाक होता. १५ जून २०२५ रोजी पुण्याजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला, चार जण दगावले. दोन्हीकडे लोखंड गंजलेले होते. गंज रंगाच्या थराखाली, जोडाच्या बेचक्यात, पाणी साचते तिथे लपतो. तो शोधायला हातात लहान हातोडी घेऊन रांगत जाणारा माणूस लागतो. रिबीट ढिली झाली आहे की नाही, हे तो ठोकल्याच्या आवाजावरून ओळखतो. ड्रोन छायाचित्रे काढील, ध्वनिलहरींचे यंत्र पत्र्याची जाडी सांगेल, ती घ्यावीतच. पण कुठे ठोकून पाहायचे आणि गंजलेला भाग कापून नवा कसा बसवायचा, हे कुठल्याही फाइलीत नसते. कारण शंभर वर्षांत त्या पुलावर किती दुरुस्त्या झाल्या, हे मूळ नकाशाला माहीत नसते. मुंबईचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये २७ तासांच्या ब्लॉकमध्ये पाडला गेला. तिथेही गॅस कटर घेऊन तुकडे करणारी माणसेच होती.

कल्याण जंक्शनच्या चारही दिशांना रेल्वेचे जुने लोखंड पसरले आहे, एमआयडीसीतल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या शेड आहेत, रसायनांच्या वाफांनी खाल्लेल्या. या दुरुस्तीच्या कामाला हैदराबादहून तयार भाग मागवता येत नाही. ते इथेच, जागेवर, एकेक जोड पाहून करावे लागते. विठ्ठलवाडीच्या शेडला झेपेल असे काम असेल, तर ते हेच. पण आज ते दिले जाते ते रंगाच्या आणि किरकोळ दुरुस्तीच्या निविदांतून, सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला, आणि तिथे कसबी माणसाची अट क्वचितच असते.

शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, आणि या मोजणीत ठेक्यावरची माणसेही धरावीत, असे त्याच्या २०१९ च्या सुधारित नियमांत आले आहे. कल्याण-बदलापूर मार्गिकेवर, मेट्रोच्या स्थानकांवर, महापालिकांच्या पुलांच्या दुरुस्तीवर काम करणाऱ्या ठेकेदारांकडे असे किती उमेदवार आहेत, आणि त्यातले किती उल्हासनगर-अंबरनाथच्या आयटीआयमधले आहेत, हे विचारायला कुणाची आडकाठी नाही. नगरसेवकांनी प्रभागातल्या गटारांबरोबर हेही विचारावे. आयटीआयच्या प्राचार्यांनी मुलांना ग्रिलच्या दुकानात पाठवण्याआधी मनमाडच्या कार्यशाळेत आठ दिवस नेऊन आणावे. आणि पुढच्या वेळी विठ्ठलवाडीच्या फलाटावर मेगाब्लॉकची घोषणा झाली, की त्या रात्री रुळांच्या वर चढणाऱ्यांची नावे कुठल्या वहीत लिहिली आहेत आणि ती वही कुणाकडे असते, एवढे तरी रेल्वेला विचारता येईल.